पंधरा मिनिटं पुढची राजधानी

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांच्या मनात लंडन होतं. ‘एका दिवसात परकी राजधानी’ असा विषय. खानदेशातल्या कुणी सकाळी राजवाडा, दुपारी म्युझियम आणि संध्याकाळी नदीतली बोट अशी पळापळ केली असेल तर तिच्यावर लिहा, म्हणाले. तसे लोक जळगाव-भुसावळात आहेत, पण मी वरणगावचा. आमच्या आळीत कुणी ‘फॉरेनला जाऊन आलो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पशुपतीचं दर्शन नीट झालं का?’

आमचा परदेश म्हणजे नेपाळ आणि आमची परकी राजधानी म्हणजे काठमांडू. तिथे जाणाऱ्याला आपण परदेशी राजधानीत चाललोय असं वाटत नाही. तो महादेवाला चाललेला असतो, फक्त या महादेवाचं घर सीमेपलीकडे आहे. केदारनाथला पाठ आणि नेपाळात मस्तक, त्यामुळे केदार केला आणि पशुपती राहिला तर दर्शन अर्धं, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. ज्योतिर्लिंगं करून झालेली माणसं हा उरलेला अर्धा हिशोब पुरा करायला निघतात.

संपादकांना मी काठमांडू सुचवलं तेव्हा ते जरा थांबले. म्हणाले, ‘वरणगाव... म्हणजे ती बस?’

हो. तीच.

गॅस, टप आणि भन्सार

२०२५च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात, शिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, मी एका यात्रा कंपनीच्या गाडीत जागा घेतली. कंपनी म्हणजे एक माणूस, त्याचा मेहुणा, दोन आचारी आणि एक डायरी. आम्ही ३८ जण. निम्मे ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आणि त्यांच्या बायका, बाकी शेतकरी कुटुंबांतल्या मावश्या-काकू आणि दोन-तीन तरुण पोरं, आईला सोबत म्हणून आलेली. १९६४ साली दारूगोळ्याची ही फॅक्टरी आली आणि तापीकाठच्या शेतकऱ्यांच्या गावात पगार, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी या तीन गोष्टी आल्या. यात्रेचा धंदा या तिसऱ्या गोष्टीवर बराचसा उभा आहे.

भुसावळहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, एक दिवस आणि एक रात्र. तिथे बस उभी असते. बसच्या टपावर बॅगा, मागच्या डिकीत गॅसच्या टाक्या, दोन शेगड्या, पातेली, तांदूळ, तूरडाळ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि बिबड्यांचा डबा. परक्या मुलखात खायचं काय, ही काळजी या डिकीने कायमची मिटवली आहे. लोक हसतात, की काठमांडूला जाऊन वरण-बट्टीच खातात. हसणाऱ्यांनी सत्तर वर्षांच्या मधुमेही माणसाला अनोळखी हॉटेलात बसवून बघावं. घरचं खाऊन पोट शांत राहिलं तरच तो पुढच्या पायऱ्या चढतो.

सोनौलीला सीमा. १९५०च्या करारामुळे भारतीयाला व्हिसा नाही आणि रस्त्याने जाणाऱ्याच्या पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. आमच्यातल्या एका निवृत्त सुपरवायझर काकांनी खास या यात्रेसाठी पासपोर्ट काढला होता. कमानीखालून बस पुढे गेली, पलीकडे दुकानांच्या पाट्या सुरू झाल्या, तरी काका पासपोर्ट हातात धरून बसलेले. ‘झालं?’ त्यांनी विचारलं. झालं होतं. पासपोर्ट कोरा तो कोराच.

बसला मात्र माणसांसारखं सहज जाता येत नाही. परदेशी गाडीला नेपाळात दिवसांवर भन्सार भरावा लागतो. भन्सार म्हणजे तिथली जकात. जितके दिवस गाडी आत, तितके पैसे. ‘एवढं मोठं काठमांडू, एकच दिवस का?’ या माझ्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजरने डायरी उघडूनच दिलं. एक दिवस वाढला की भन्सार, बसभाडं, दोन चालक, आचारी, धर्मशाळा आणि ३८ माणसांचं तीन वेळचं जेवण वाढतं. परतीचं रेल्वे आरक्षण दोन महिन्यांपूर्वीचं, ते हलत नाही. लुंबिनी, पोखरा, मनकामना हे सगळं दहा दिवसांच्या आत बसवायचं. मग राजधानीच्या वाट्याला एक दिवस येतो. तो फुकट जाऊ नये म्हणून पहाटे चारला सुरू होतो.

नदी डावीकडे होती

पोखऱ्याहून काठमांडूचा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा. पृथ्वी राजमार्ग असं त्याचं नाव. मुगलिंगपर्यंत बराच वेळ मर्स्यांगदी नदी सोबत असते. मार्चमध्ये ती हिरवी, बारीक आणि दगडांतून वाट काढणारी. तिच्याकडे पाहून काही अंदाज येत नाही.

२३ ऑगस्ट २०२४ला ती भरलेली होती. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात आइना पहरा इथे रस्ता सोडून तिच्यात कोसळली. बसमध्ये ४३ माणसं होती. २७ गेली. बहुतेक वरणगाव, तळवेल, दर्यापूर, भुसावळ इथली माणसं. तीन बसमधून मिळून १०४ जण यात्रेला निघाले होते, त्यांतली ही एक बस. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावच्या विमानतळावर आणले. त्या आठवड्यात वरणगावात ज्या रस्त्याने जावं, त्या रस्त्यावर मांडव होता.

त्या बसला काठमांडू दिसलं नाही. मी ज्या दिवसावर लिहायला निघालो होतो, तोच दिवस त्यांच्या यात्रेत पुढे होता.

एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती आमच्या शेतीत दडलेली आहे. खानदेशातला शेतकरी यात्रेला निघतो श्रावणात. पेरणी-निंदणी उरकलेली, कापूस वेचायला अजून अवकाश, आणि महिना महादेवाचा. घरातल्या बायकांनाही तीच फट मिळते. आणि नेमक्या त्याच दिवसांत हिमालयातले डोंगर पाण्याने फुगून रस्त्यावर येतात. त्याच पावसाळ्यात, १२ जुलैला, सिमलताल इथे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूलीत वाहून गेल्या होत्या. आपला मोकळा महिना तो त्या रस्त्याचा सगळ्यात वाईट महिना, हे गणित कुठल्याही यात्रेच्या पत्रकावर छापलेलं नसतं. आमची गाडी मार्चला निघाली त्याचं कारण एवढंच, की तीत पेन्शनर जास्त होते.

आइना पहरा कधी आलं ते पाटीवरून मला कळलं नाही. चालकाला ठाऊक होतं. त्याने वेग कमी केला. मुक्ताईचं भजन चाललं होतं, ते टाळांसकट थांबलं. खिडकीशी बसलेल्या एका काकूंनी पिशवीतून झेंडूची दोन फुलं काढली, काच सरकवली आणि हात बाहेर काढून सोडली. ती नदीपर्यंत गेली की रस्त्यावरच पडली, ते वळणामुळे दिसलं नाही. पुढे मुगलिंगला चहा झाला. चहात साखर जास्त होती अशी सगळ्यांनी तक्रार केली आणि मग बोलणी सुरू झाली.

आपली वेळ की त्यांची

गोशाळा चौकाजवळच्या धर्मशाळेत रात्री मॅनेजरने जाहीर केलं: ‘पहाटे चारला खाली.’ लगेच प्रश्न आला: ‘आपले चार की त्यांचे?’

नेपाळचं घड्याळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे आहे. अर्धा तास नाही, एक तास नाही, पंधरा मिनिटं. ज्यांच्या फोनमध्ये नेपाळचं सिमकार्ड होतं त्यांचा फोन पुढे गेलेला. ज्यांनी फोन नुसता फोटोंसाठी ठेवला होता, त्यांचा अजून वरणगावातच. मनगटी घड्याळवाल्यांपैकी कुणी काटे फिरवलेले, कुणी ‘आठ दिवसांसाठी कशाला’ म्हणून तसेच ठेवलेले. परिणाम असा, की पहाटे निम्मी माणसं जिन्यात उभी आणि निम्मी तोंड धूत होती, आणि दोन्ही बाजू वेळेवर होत्या.

इथे आबांचा परिचय करून द्यायला हवा. आबा फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आणि मोजणीचं काम त्यांच्याकडे. ‘आमच्याकळे माल डब्बा न् डब्बा मोजून द्यावा लागे,’ ते म्हणाले, ‘हे तर बोलणारे डब्बे आहेत.’ पण बोलणारे डबे हलतात. म्हणून आबा माणसं मोजत नसत, जोड्या मोजत. ३८ जणांच्या १९ जोड्या. नवरा-बायकोची जोडी त्यांनी मुद्दाम फोडली होती, कारण नवरा-बायको एकत्र हरवतात. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचं तोंड पाहायचं आणि हात वर करायचा, की आबांच्या बोटाचं एक पेर पुढे. माझी जोडी एका मावशींशी होती. शेतात चालून चालून झालेला पाय. मला दिवसभर त्यांच्यामागे पळावं लागलं.

पशुपतीच्या पश्चिम दारातून आत शिरलं की समोर येते ती नंदीची पाठ. हा सोनेरी मुलाम्याचा नंदी एवढा मोठा, की पहिल्या क्षणी देऊळ दिसतच नाही. चामडं चालत नाही, म्हणून कमरेचे पट्टे निघाले आणि तीन काका एका हाताने पँट धरून रांगेत उभे राहिले. फोटो आत चालत नाही. त्या दिवशी शनिवार होता आणि नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे अख्खं काठमांडू आमच्या आधी आलेलं.

देवळाला चार दिशांना चार दारं. लिंगाला चार मुखं: पूर्वेला तत्पुरुष, दक्षिणेला अघोर, पश्चिमेला सद्योजात, उत्तरेला वामदेव, पाचवा ईशान वर, निराकार. लिंगाला स्पर्श फक्त मुख्य पुजाऱ्यांचा. हे भट्ट पुजारी परंपरेने दक्षिणेतून, कर्नाटकातून येतात. म्हणजे नेपाळच्या राष्ट्रदैवताजवळ जाणारा माणूस आपल्या शेजारच्या राज्यातला. आपल्याकडे घृष्णेश्वरला गाभाऱ्यात बसून पिंडीवर हात फिरवायची सवय, इथे दाराबाहेरूनच हार द्यायचा आणि मान वाकडी करून पाहायचं. गर्दीने आमच्या रांगा तोडल्या आणि जो ज्या दाराशी ढकलला गेला त्याला ते मुख दिसलं. बाहेर आल्यावर यावरूनच चर्चा. माझ्या मावशींना अघोर दिसला होता. ‘डोये मोठे होते माय,’ त्या म्हणाल्या, ‘मले पाहूनच राह्यला.’ एका काकूंना तीन दारांशी फक्त माणसांच्या पाठी दिसल्या आणि चौथ्या दाराशी पुजाऱ्याचा हात. त्यांनी तो हातच नमस्कार करून घेतला.

मागच्या बाजूला बागमती आणि आर्यघाट. तीन चिता पेटलेल्या, चौथीची लाकडं रचली जात होती. आमच्यातल्या बायका एरवी स्मशानाकडे पाहत नाहीत. इथे त्या काठावर उभ्या राहिल्या, कुणी काही बोललं नाही. आबांनी मोजणी केली. एकोणीस.

वाचता येणारा परदेश

लंडन-पॅरिसला गेलेल्या मराठी माणसाला जे सुख मिळत नाही ते इथे मिळतं: दुकानाच्या पाट्या वाचता येतात. सगळी राजधानी देवनागरीत. ‘जुत्ता राख्ने ठाउँ’ वाचून चौथी शिकलेल्या मावशींनी चपला नेमक्या तिथे ठेवल्या. ‘पसल’ म्हणजे दुकान, ‘खाजा घर’ म्हणजे नाश्त्याची जागा, हे दुपारपर्यंत सगळ्यांना आलं. ‘किती?’ विचारलं की समोरून ‘कति?’ असाच प्रतिध्वनी येतो आणि ‘महाग’ला ‘महँगो’ म्हणतात.

फसगतही तिथेच. एक म्हातारा फूलवाला आकाशाकडे हात करून म्हणाला, आज ‘घाम’ फार आहे. मावशींनी पदराकडे बोट दाखवलं: मग पुसा की! नेपाळीत घाम म्हणजे ऊन.

रुद्राक्षांच्या दुकानात खरी परीक्षा. पंचमुखी रुद्राक्षाची माळ, किंमत चारशे. चारशे कुठले? तिथे दोन शब्द चालतात, आयसी आणि एनसी: भारतीय पैसा आणि नेपाळी पैसा. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणजे चारशे एनसीचे आपले अडीचशे. दुकानदार आकडा म्हणतो आणि जात सांगत नाही. गिऱ्हाईक आयसी समजून चारशे देतं. मावशींनी हे लुंबिनीलाच ओळखलं होतं. त्या आकडा ऐकून घेत, दोन क्षण डोळे मिटत, आणि विचारत, ‘कोन्ता?’ शंभराच्या वरच्या भारतीय नोटा तिथे अधिकृतपणे चालत नव्हत्या, म्हणून त्यांच्या कनवटीला फक्त शंभरांची गड्डी. बँकेत तीन खेपा घालून जमवलेली.

हतनूरचे दरवाजे

मग सुरू झाली ती धाव. मोठी बस रिंगरोडला ठेवून आम्ही तीन छोट्या गाड्यांत कोंबले गेलो.

बौद्धनाथला चाळीस मिनिटं. स्तूप पांढरा, प्रचंड, चारी बाजूंनी डोळे रोखून पाहणारा. २०१५च्या भूकंपात त्याचा कळस तडकला होता, तो उतरवून नव्याने बांधला. आमच्या बायकांना इथे काही शिकवावं लागलं नाही. प्रदक्षिणा उजवीच असते आणि फिरणारी चक्रं जात्यासारखी ओढायची, एवढं त्यांना पाहूनच कळलं. दोन फेऱ्या झाल्या, आबांपुढे हात वर. एकोणीस.

बुढानीलकंठला जायला वेळ खूप लागला आणि दर्शनाला दहा मिनिटं. शिवपुरीच्या पायथ्याशी कुंडात शेषावर निजलेला विष्णू, सुमारे पाच मीटर लांब, काळ्या दगडाचा. नेपाळच्या राजांनी याचं दर्शन घ्यायचं नाही असा संकेत होता. राजा हाच विष्णूचा अवतार, त्याने स्वतःची मूर्ती पाहिली तर मरण. ‘आमचा इटेवर उभा आन् हा झोपलेला,’ एवढीच तुलना झाली. पुरेशी होती.

स्वयंभूनाथला मात्र रमलो. पूर्वेच्या ३६५ पायऱ्या चढण्याऐवजी गाडीने मागच्या बाजूने नेलं. माकडांनी एका काकांची बिबड्यांची पिशवी पळवली. वरणगावची बिबडी खाणारं ते काठमांडूतलं पहिलंच माकड असावं. वरून सगळं खोरं दिसतं, धुरकट, विटकरी, कडेला डोंगरांचं कडं. वाटाड्याने गोष्ट सांगितली: इथे पूर्वी अथांग तळं होतं, मधोमध कमळ. मंजुश्रीने तलवारीने चोभारचा डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि खोरं मोकळं झालं. इथे खरंच प्राचीन सरोवर होतं असं भूगर्भशास्त्रही सांगतं, आणि बागमती आजही चोभारच्याच खिंडीतून बाहेर पडते. मावशींनी हे सगळं एका वाक्यात बसवलं: ‘म्हंजे हतनूरचे दरवाजे उघडले म्हना!’ तापीवरच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आणि इथे एकच, पण पाणी सोडल्यावर खालच्या गावांचं काय झालं असेल, हा प्रश्न तापीकाठच्या बाईलाच सुचतो. वाटाड्याकडे उत्तर नव्हतं. मंजुश्रीच्या गोष्टीत खालची गावं येत नाहीत.

दुपारचं जेवण रिंगरोडला, बसच्या आडोशाला: खिचडी, कढी, पापड. आचारी आमच्याबरोबर फिरलेच नव्हते. त्यांतला थोरला आतापर्यंत अकरा वेळा काठमांडूला आलाय आणि पशुपती सोडून त्याने काही पाहिलेलं नाही. ‘तुम्ही पाहता, आम्ही शिजवतो,’ तो म्हणाला, तक्रारीने नव्हे.

हनुमान ढोक्याला पोचलो तेव्हा सगळे दमलेले. शहराला ज्याच्यावरून नाव पडलं ते काष्ठमंडप भूकंपात कोसळलं होतं, ते लाकडात पुन्हा उभं राहिलंय. काळभैरवाच्या भल्याथोरल्या मूर्तीपुढे पूर्वी आरोपींना शपथ घ्यायला लावत. खोटं बोलणारा रक्त ओकून मरतो, अशी समजूत. कुमारी घराच्या चौकात मात्र थकवा उतरला. जिवंत देवी, तीही लहान मुलगी, वरच्या नक्षीदार खिडकीत येईल म्हणून सगळे माना वर करून उभे. ती आली, अर्धा मिनिट, डोळ्यांत काजळ, चेहऱ्यावर काहीच नाही. बायकांनी हात जोडले. गेल्यावर एक काकू म्हणाल्या, ‘शाळेत जाते का पण ती?’ हल्ली वाड्यातच शिकवतात, हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पूर्ण नाही.

काचेतून

राजधानी म्हणून जे काही होतं ते काचेतून गेलं. नारायणहिटी राजवाडा, जिथे १ जून २००१ला राजकुटुंब मारलं गेलं आणि २००८ला राजेशाही गेल्यावर जिथे संग्रहालय झालं, तो फाटकापुरता दिसला. धरहरा मनोरा दिसला, २०१५ला पडलेला आणि नव्याने बांधलेला. सत्तावनच्या उठावानंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले, पुढे त्यांचं काय झालं ते धड कुणाला कळलं नाही. बेगम हजरत महल यांची कबर मात्र याच शहरात आहे. हे मी गाडीत सांगायला लागलो तर निम्मे झोपलेले.

सिंहदरबारही असाच गेला. पांढरा, लांबलचक, राणांच्या काळातला. ‘हे त्यांचं मंत्रालय,’ कुणी तरी म्हणालं आणि गाडी सिग्नलला न थांबता पुढे गेली. सप्टेंबर २०२५मध्ये, हा लेख लिहीत असताना, तोच सिंहदरबार टीव्हीवर जळताना पाहिला. समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध ८ सप्टेंबरला तरुण पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार पेटले, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. मावशींचा फोन आला: ‘आपन पाह्यलं तेच ना हो ते पांढरं?’ मी माझे फोटो शोधले. बौद्धनाथचे चाळीस, माकडाचे सहा, सिंहदरबाराचा एकही नाही.

एकोणीस पुड्या आणि चार

संध्याकाळी पुन्हा बागमतीकाठी, आरतीला. या दिवसात एकच ठिकाण दोनदा आलं ते हे. पलीकडच्या काठावर पायऱ्यांवर बसलो. समोर दिवे फिरत होते आणि त्यांच्या बाजूला घाटावर चिता जळतच होत्या. एका उजेडासाठी दुसरा कुणी विझवत नव्हतं. टाळ्या वाजवत लोक नाचले. आमच्यातल्या त्या फुलंवाल्या काकू नाचल्या नाहीत, बसून राहिल्या. आरती संपल्यावर आबांनी अंधारात बोटाची पेरं मोजली. अठरा. पुन्हा मोजली. अठरा. मॅनेजर जिन्याकडे धावला. आबांच्या कपाळावर आलेला घाम मला दिव्याच्या उजेडात दिसला, आपला घाम. मग माझ्या मावशी म्हणाल्या, ‘तुमी हात वर करा ना!’ मी चितेकडे पाहत राहिलो होतो.

रात्री धर्मशाळेत गादीवर वर्तमानपत्र अंथरून बायका प्रसाद वाटायला बसल्या. रुद्राक्ष, अंगारा, साखरफुटाणे, प्रत्येक पुडीत थोडं थोडं. घरांची नावं आळीच्या क्रमाने घेतली जात होती, कोपऱ्यावरच्या दुकानापासून देवळापर्यंत. फुलंवाल्या काकूंनी आपल्या एकोणीस पुड्या बांधल्या. मग पिशवीतून वेगळा, पांढरा दोरा काढला आणि आणखी चार बांधल्या. त्या चारांत रुद्राक्ष जरा मोठे होते. त्या कुठल्या घरांसाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारलंही नाही कुणी. शेजारच्या बाईने आपल्या वाट्यातला अंगारा त्यांच्याकडे सरकवला.

दाराशी आचारी येऊन उभा राहिला. सकाळी निघायचं, वाटेत खायला पुऱ्या करायच्या, कणीक आत्ताच मळून ठेवतो, म्हणाला. किती वाजता उठवू?

‘चारला,’ आबा म्हणाले.

‘आपल्या की त्यांच्या?’